आर्गिरोचं बिल

एकतीस वर्षं मी मीटर वाचले
व्होलोसच्या या गल्ल्यांतून.
कुत्र्यांची नावं सगळी पाठ, माणसांची निम्मीच.
निवृत्त होऊन चार हिवाळे झाले, तरी लोक
बिल घेऊन दारात उभे राहतात,
पूर्वी पत्र वाचून घ्यायला पाद्र्याकडे जायचे तसे.

आज आर्गिरो आली. लिफाफा फोडलेला
आणि खळीनं पुन्हा चिकटवलेला.
का, ते मी विचारलं नाही.
एकशे सत्त्याऐंशी युरो, चाळीस सेंट.

चष्मा पुसून सुरुवात केली.
हे बघ, ही रक्कम जळलेल्या विजेची.
खालची, न जळलेल्या विजेची:
महिनाभर अंधारात बसलीस तरी ही द्यायचीच,
खांबाला, तारेला, तुझ्या दाराशी तिच्या ताटकळण्याला.
"म्हणजे पाहुणा न येता पाहुणचार."
अगदी तसंच.

ही वाहून आणण्याची.
डोंगरापलीकडून वीज काय फुकट येते? हमाली पडते,
आणि वाटेत जी सांडते तीही तुझ्याच माथी.
ही लांबच्या बेटांसाठी, जिथं डिझेल जाळून दिवे लागतात;
त्यांच्या दिव्यात आपण इथून थेंब थेंब तेल घालतो.
"कुठलं बेट?"
तेवढं लिहीत नाहीत.

ही नगरपालिकेची, कचऱ्याची आणि रस्त्यावरच्या दिव्यांची,
घराच्या मापावर. चोपन्न चौरस मीटर.
तुझ्या बापानं गॅलरी बंद करून खोली काढली
ती इथं अजून उघडीच आहे, तेव्हा गप्प बस.
ही टीव्हीची.
"माझा टीव्ही सात वर्षं बंद आहे."
बिलाला ते ठाऊक नाही.

मागचं बिल अंदाजाचं होतं,
गेल्या हिवाळ्यात जशी जगलीस
तशीच यंदाही जगशील असं धरून चाललेलं.
हे मात्र प्रत्यक्ष वाचून काढलेलं.
अंदाज दोनशे दहा युनिटांचा.
मीटर म्हणतं, चारशे सहासष्ट.

इथं मी अडलो.
एकटी बाई. एक फ्रिज, एक शेगडी,
पाण्याची टाकी, तीही फक्त शनिवारी तापवणारी.
आकडा खोटं बोलत असला की मला वासावरून कळतं,
आणि हा बोलत नव्हता.
तरी म्हणालो, मीटर बिघडलं असेल,
अर्ज लिहून देतो, माणूस येऊन तपासेल.
"नको," ती इतक्या झटकन म्हणाली
की बशीतला चमचा वाजला.

मग बराच वेळ कागदावर बोट.
"यात दिसतं का रे, वीज कुठं गेली ते?"

तेव्हा मला ती नारिंगी वायर आठवली,
तिच्या मागच्या गॅलरीतून उतरलेली,
वाळत घातलेल्या चादरीआडून
तळमजल्याच्या खिडकीत शिरलेली.
तिथं मिमोझा राहते, मासळीच्या कारखान्यातली,
दोन पोरं घेऊन.
नोव्हेंबरात तिच्या मीटरला सील लागलं.
लावणारा पोरगा माझ्याच हाताखाली शिकला;
सील सरळ बसवतो, चांगलं काम आहे त्याचं.

नाही, मी म्हणालो. युनिट ते युनिट.
कुणाच्या खोलीत उजळलं, ते मीटरला दिसत नाही.
एकतीस वर्षांत त्याचा हा एकच गुण
मला मनापासून आवडत आला.

ती काहीच बोलली नाही. घडी घालून लिफाफा
पदराच्या नाही, कोटाच्या आतल्या खिशात टाकला,
हप्ते पडतात का विचारलं. पडतात. तीन.
"हप्त्यांचाही आकार असेल."
असतो थोडा.

ती जिन्यापर्यंत गेल्यावर
मी तिच्या पाठीला सांगितलं:
वायर बारीक आहे ती. हीटर लावू नका म्हणावं, तापते.
माझ्याकडे जाड पडली आहे, वीस मीटर.
उद्या काळोख पडल्यावर आणून देतो.

ती वळली नाही.
खाली उतरताना सवयीनं
जिन्यातला दिवा मालवून गेली.